चौथी फांदी

करवंदीच्या दाट जाळीआड एक खोलगट माळ होता. त्या माळावर चार जाणकार घरं होती, आणि तिथे जायला खिंड एकच होती.

पहिलं घर मुंग्यांचं वारूळ. कुठल्या शेतात दाणा सांडलाय आणि कुठे संपलाय, याची ताजी खबर तिथे मिळे. दुसरं घर मधमाश्यांचं पोळं. कुठला डोंगर कधी फुलणार, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या घरी, म्हणजे तळ्याकाठी, थोरले कासव राहायचे. नदीला उतार कुठे आणि पाणवठ्यावर कुणाचा हक्क, असल्या जुन्या गोष्टींचा निवाडा तेच करायचे. आणि चौथं घर सागाच्या झाडाखालचं बीळ. तिथे सायाळबाई राहत. औषधाच्या मुळ्या ओळखण्यात त्यांचा हात धरणारं त्या रानात कुणी नव्हतं. आजारी पिल्लं त्या बिळात ठेवून घेत आणि बरी करून आयांच्या हवाली करत.

आता एवढे जाणकार एका जागी म्हटल्यावर गर्दी होणारच. पहाटेपासून बाहेरचं सगळं रान त्या खिंडीतून आत घुसे. कोल्हे, ससे, सांबरं, रानडुकरं, सगळे आपापला प्रश्न घेऊन. बरं, प्रश्न तरी किती वेगळे? थोरल्या कासवांना दिवसात दोनशे जण एकच गोष्ट विचारत, "उतार कुठे आहे हो?" उत्तर देता देता त्यांच्या नाकी नऊ आले. वारुळावर इतके पाय पडले की दोनदा ते ढासळलं. माश्या तर इतक्या कावल्या, की प्रश्न पुरा व्हायच्या आत डंख मारू लागल्या. आणि सगळ्यांच्या धक्काबुक्कीत ज्यांची पिल्लं आत तापाने फणफणत होती, त्या आया कोपऱ्यात उभ्या राहून रडत. त्यांना कोण विचारतो!

शेवटी चारही घरांची बैठक बसली. राणीमाशीने सरळ सांगितलं, "खिंड काट्यांनी बुजवून टाका. आपण सुखी, जग सुखी." रानडुकरांना काटेरी फांद्या गोळा करायचा निरोपही गेला.

तेव्हा खिंडीतल्या बाभळीवरून एक बारीक आवाज आला, "ही बाभूळ मला द्या. मी बघते."

बोलणारी होती विणाई नावाची सुगरण. मूठभर जीव, पण विणकामात तिचा हात धरायला कुणाची टाप नव्हती, आणि हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं. तिचे सगे-सोयरे बाहेरच्या रानात. तिचं स्वतःचं धाकटं भावंड लहानपणी सायाळबाईंच्या हातगुणाने वाचलं होतं. खिंड बुजली तर बाहेरच्या एकाही पिल्लाला औषध मिळणार नाही, हा विचारच तिला सोसेना.

"तू काय करणार?" थोरल्या कासवांनी विचारलं.

"बाहेरून येणारा माझ्यापाशी थांबेल. प्रश्न मला सांगेल. मी तुमच्याकडे येऊन उत्तर नेईन. तुम्ही ते एकदाच पानावर उमटवून द्यायचं. मी ते खोप्यात टांगून ठेवीन. पुन्हा तोच प्रश्न आला, की खोप्यातलं पान वाचून दाखवीन. तुमच्या दारात कुणी पाऊलसुद्धा टाकणार नाही."

 कासव म्हणाले, "करवंदं पिकेपर्यंत बघू. जमलं तर खिंड उघडी राहील. पण इथल्या उत्तरामुळे कुणाचा जीव धोक्यात आला, तर त्याच दिवशी काटे लावायचे. मग रडायचं नाही." एवढं बोलून त्यांनी मान कवचात ओढून घेतली. त्या माळावर कासवांनी मान आत घेतली की बैठक संपली, असा रिवाज होता.

दुसऱ्याच दिवशी विणाई कामाला लागली. गवताच्या काड्या आणून तिने पंचवीस-तीस खोपे विणले आणि एका रांगेत टांगले. ज्या क्रमाने प्रश्न आले, त्या क्रमाने खोपे. पण उत्तर किती दिवस खरं मानायचं? यावर तिने नामी उपाय काढला. तिने घरांनाच सांगितलं, "पान तुम्ही निवडा. पान वाळेपर्यंत मी उत्तर देईन. वाळलं की काढून टाकीन आणि नवं घ्यायला येईन." मुंग्यांची खबर रोज बदलणारी, म्हणून त्यांनी केळीचं पान धरलं, संध्याकाळी मान टाकणारं. माश्यांनी पिंपळाचं पान निवडलं, ते चार-पाच दिवस तग धरी. थोरल्या कासवांनी सागाचं जाडजूड पान घेतलं, कारण नदीचा उतार काही रोज जागा बदलत नाही.

सायाळबाईंचा नियम मात्र वेगळा. त्या म्हणाल्या, "माझं उत्तर तू अजिबात ठेवायचं नाहीस, बाई. ज्या आईने विचारलं तिला सांगायचं आणि पान फाडून टाकायचं." आणि आठवण राहावी म्हणून त्या प्रत्येक पानाला लाजाळूची एक काडी बांधून देऊ लागल्या. काडी दिसली, की ते पान टांगायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. एक अस्वल आलं आणि पोळ्याला विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "आत्ता गेलं तर मिळेल का?" सकाळी नेमका हाच प्रश्न एका तित्तिराने वारुळाला विचारला होता. विणाईने प्रश्न ऐकला, खोपा ओळखला, पान वाचलं, "हो हो, भरपूर आहे, खुशाल जा." अस्वल खुशाल गेलं. पोळ्यावर तो दिवस भलताच चिडका होता. तासाभराने अस्वल परत आलं तेव्हा त्याचं नाक वांग्याएवढं सुजलं होतं.

"मी विचारलं पोळ्याला, आणि उत्तर दिलंस वारुळाचं!" ते ओरडलं. "तुझ्या खोप्यांना आग लागो!"

सगळी खिंड खदाखदा हसली. विणाई हसली नाही. तिने तिथल्या तिथे सगळे खोपे उतरवले आणि बाभळीच्या फांद्या वाटून टाकल्या. पहिली फांदी वारुळाची, दुसरी पोळ्याची, तिसरी कासवांची, चौथी सायाळबाईंची. आधी घर विचारायचं, मग प्रश्न. अस्वलाला तिने स्वतःच्या चोचीने हळद लावून दिली. ते कुरकुरतच गेलं, पण पुढच्या वेळी आलं तेही तिच्याकडेच.

त्यानंतर कामाला अशी काही लय सापडली, की विचारू नका! सकाळी तीन घरांतून पानं यायची आणि दिवसभर विणाई फांदीवरून फांदीवर उड्या मारत उत्तरं वाचून दाखवायची. बाहेरचे येत, विचारत, ऐकत आणि पाठ फिरवून निघून जात. कित्येकांना तर वाटे, पोळंच बोलतंय, कासवच बोलतायत. एकदा वळवाच्या सरीने उतार वाहून गेला, तेव्हा कासवांचा निरोप येताच विणाईने हिरवंगार सागाचं पान क्षणात फाडून टाकलं. एकदा माश्या रुसून दोन दिवस दुसऱ्या झाडावर गेल्या, तेव्हा तिने जुनंच पान वाचलं, पण आधी बजावून सांगितलं, "पोळं उठलंय, हे परवाचं आहे, बेताने विश्वास ठेवा." वारूळ पुन्हा उंच झालं. माश्यांचा राग निवळला. थोरले कासव दुपारची झोप घेऊ लागले, आणि त्यांच्या घोरण्याने तळ्यातले बेडूक हैराण झाले.

विणाईची छाती अभिमानाने फुगली, आणि का फुगू नये? तीन फांद्या खोप्यांनी लगडलेल्या. येणारा-जाणारा मान वर करून बघे आणि म्हणे, वा!

पण चौथी फांदी उघडी होती. तिच्यावर एकही खोपा नव्हता. दिवसातून दहा-बारा वेळा सागापर्यंत उडत जायचं, सायाळबाईंनी काट्याने टोचलेलं पान आणायचं, एकदा वाचायचं आणि फाडायचं. विणाईचे पंख दुखून येत. त्यातून तिकडच्या आया बिचाऱ्या सगळ्यांत जास्त वेळ ताटकळत. सशाला गवताचं उत्तर एका श्वासात मिळे, आणि आजारी पिल्लाच्या आईला पाऊण तास. आणि प्रश्न काय, तर प्रत्येकीचा एकच, शब्द न शब्द तोच, "माझं बाळ कसं आहे?" विणाईला ती बोडकी फांदी डोळ्यांत खुपू लागली. एका निवांत दुपारी तिने त्या फांदीसाठी एक खोपा विणून ठेवला. तिने आजवर विणलेल्यांत सर्वांत देखणा, दुहेरी वेणीचा. रिकामाच. म्हणाली, असू दे, कधीतरी कामाला येईल.

करवंदं लाल होऊ लागली होती. आणखी आठ-दहा दिवस, की ती काळी होणार आणि मुदत संपणार.

त्या सकाळी सायाळबाईंच्या बिळात एकदम तीन पिल्लं दाखल झाली. बाईंना मान वर करायला फुरसत नव्हती. पहिल्या सशिणीचा प्रश्न घेऊन विणाई आली, तेव्हा त्यांनी एका हाताने मुळी कुटत दुसऱ्या हाताने शेजारचं सागाचं पान ओढलं, भराभरा टोचलं आणि पुढे सरकवलं. पानावर होतं: "बाळ बरं आहे. दूध देऊ नका. तीन दिवस येऊ नका."

लाजाळूची काडी बांधायची राहून गेली होती.

विणाईला ते दिसलं. दिसलं नाही असं नाही. तिने पान उलटंसुलटं करून पाहिलं. सागाचं पान, काडी नाही, म्हणजे नियमाप्रमाणे टांगायचं पान. एक क्षण तिला वाटलं, मागे वळून विचारावं. पण बाईंचं डोकं कामात होतं, खिंडीत गर्दी होती, आणि तो देखणा खोपा इतके दिवस रिकामा लटकत होता. तिने सशिणीला पान वाचून दाखवलं आणि मग ते चौथ्या फांदीवरच्या खोप्यात ठेवून दिलं. काय सुंदर दिसली ती फांदी!

मग दुसरी आई आली. "माझं बाळ कसं आहे?"

"बरं आहे. दूध देऊ नका. तीन दिवस येऊ नका."

एका श्वासात! त्या आईचा चेहरा असा उजळला, की विणाईलाही भरून आलं. तिसरी आली, चौथी आली. सातवी आली ती एक हरणी. दोन डोंगर ओलांडून रोज यायची, चार दिवसांत अन्नाला तोंड लावलं नव्हतं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालेली. उत्तर ऐकून तिच्या डोळ्यांना धार लागली. "देव तुमचं भलं करो, विणाई," एवढंच म्हणाली आणि आल्या वाटेने निघून गेली.

दुपार कलली. खिंडीत जरा सामसूम झाली, तेव्हा आतल्या बाजूने पाचोळा सळसळला. सायाळबाई स्वतः येत होत्या. त्या बीळ सोडून कधीच बाहेर पडत नसत. अंगावरचे सगळे काटे उभे होते.

"आज एकही आई आली नाही," त्या म्हणाल्या. "सशिणीनंतर एकही नाही. काय झालं? वाटेत वाघ बसलाय का?"

"आल्या की!" विणाई म्हणाली. "सहा जणी आल्या. सगळ्यांना उत्तर मिळालं. कुणाला क्षणभरही थांबावं लागलं नाही."

"उत्तर?" सायाळबाईंनी विचारलं. "मी तर एकच उत्तर दिलं."

 विणाईने चौथ्या फांदीकडे पाहिलं. तो खोपा वाऱ्यावर झुलत होता.

"हरणी?" सायाळबाईंचा आवाज चिरका झाला. "हरणी आली होती? तिच्या पाडसाचा ताप उतरलाय सकाळीच. त्याला आता दूध हवं, आईचंच. दुसऱ्या कुणाचं तोंडात घेत नाही. मी सकाळपासून वाट बघतेय, की ती विचारील आणि मी तिला आत बोलवीन. सूर्य बुडेपर्यंत पोटात दूध गेलं नाही तर ते राहत नाही, विणाई. ऐकतेस ना? राहत नाही."

विणाईने पुढचं ऐकलंच नाही. ती उडाली होती.

पाच जणी जवळपासच सापडल्या, ओढ्याच्या काठी, झाडांच्या सावलीत. प्रत्येकीला तिने धापा टाकत एवढंच सांगितलं, "मघाचं उत्तर तुझं नव्हतं, परत जा, नव्याने विचार." कुणी शिव्या घातल्या, कुणी नुसती पळत सुटली. विणाईने कुणाशी वाद घातला नाही. तिची नजर डोंगराकडे होती. सुगरण हा काही लांब उडणारा पक्षी नव्हे. पहिला डोंगर ओलांडता ओलांडता तिचे पंख शिशाचे झाले. दुसऱ्यावर ती फांदीमागून फांदी, झुडपामागून झुडूप अशी जवळजवळ सरपटत गेली. आणि सगळ्या वाटेने तिच्या डोक्यात एकच घोळत होतं, काडी नाही हे मला दिसलं नव्हतं असं नाही, मला दिसलं होतं.

दुसऱ्या डोंगराच्या उतारावर हरणी चरत होती. चार दिवसांनी पहिल्यांदा. तोंडात हिरवं गवत होतं.

"चला," विणाई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. पाडसाला दूध हवंय."

हरणीने मान वर केली. "अहो, पण तुम्हीच सांगितलंत ना? बरं आहे, तीन दिवस येऊ नका म्हणून?"

"ते सशिणीच्या बाळाचं होतं. मी तुम्हाला दिलं. चूक माझी आहे, मागाहून काय हवं ते बोला, पण आधी पळा!"

हरणी पळाली. गवत तोंडातच राहिलं. विणाई तिच्या पाठीवर लोकरीच्या गुंड्यासारखी चिकटून बसली होती, कारण तिच्याच्याने आता उडवत नव्हतं. दोन डोंगर, एक ओढा, करवंदीची जाळी. खिंडीतून हरणी आत शिरली तेव्हा माळावर ऊन पिवळं पडलं होतं. बिळाच्या तोंडाशी सायाळबाई पाडसाला कुशीत घेऊन बसल्या होत्या. पाडसाची मान लोंबत होती. हरणी आडवी झाली, पाडसाला कासेशी ढकललं, चाटलं, पुन्हा ढकललं.  मग त्या मुडद्यासारख्या पडलेल्या पोराचं शेपूट एकदा हललं. पुन्हा हललं. आणि ते चुरुचुरु प्यायला लागलं.

विणाई तिथेच पाचोळ्यात बसून हमसून हमसून रडली.

दुसऱ्या सकाळी बाभळीखाली चारही घरं जमली. काटेरी फांद्यांचा ढीग खिंडीच्या कडेला येऊन पडला होता. रानडुकरं हुकमाची वाट बघत उभी होती. राणीमाशी म्हणाली, "ठरलं होतं ते ठरलं होतं." मुंग्यांच्या मुकादमिणीने काट्यांकडे बघितलं.

"तुझं काय म्हणणं आहे?" थोरल्या कासवांनी विचारलं.

विणाई म्हणाली, "उत्तर खोटं नव्हतं. दुसरीचं होतं. काडी बांधायची राहिली ही बाईंची घाई. पण काडी नाही हे मला दिसलं होतं, आणि दिसूनही मी विचारलं नाही. फांदी उघडी दिसते याची मला लाज वाटत होती. तेवढंच."

सायाळबाईंचे काटे हळूहळू खाली बसले. पण त्या बाई कडक होत्या. "आज कबूल केलंस, चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. "उद्या माझ्याकडे पुन्हा पाच पिल्लं येतील आणि मी पुन्हा काडी विसरेन. मी म्हातारी आहे, विसरणारच. तेव्हा काय करशील?"

 विणाई चौथ्या फांदीवर गेली आणि त्या दुहेरी वेणीच्या खोप्याचा देठ चोचीने कुरतडू लागली. तिनेच घट्ट विणला होता, लवकर तुटेना. सगळे मान वर करून बघत राहिले. शेवटचा धागा तुटला आणि खोपा खाली येऊन कासवांच्या पुढ्यात पडला. त्यातलं सागाचं पान बाहेर घरंगळलं. अजून हिरवंगार होतं.

"तुम्ही हजार वेळा विसरा, बाई," ती वरून म्हणाली. "टांगायला इथे खोपाच नसेल."

थोरल्या कासवांनी त्या पानाकडे पाहिलं. सायाळबाईंकडे पाहिलं. मग त्यांनी मान आत ओढून घेतली, आणि काट्यांचं नावही न घेता बैठक संपली. रानडुकरं थोडा वेळ रेंगाळली आणि कंटाळून निघून गेली. काट्यांचा ढीग तिथेच कडेला राहिला. पुढे त्यात मुंगसाने घर केलं.

हरणी दुसऱ्या दिवशी पुन्हा खिंडीत आली. पाडस अजून आठवडाभर आत राहणार होतं. तिने विणाईकडे जरा रोखूनच पाहिलं आणि विचारलं, "माझं बाळ कसं आहे?"

"थांबा," विणाई म्हणाली, आणि सागाकडे उडाली.

करवंदं काळी झाली, संपली, पुढच्या वर्षी पुन्हा आली. आजही परके प्रवासी त्या बाभळीखाली थांबतात आणि तीन फांद्यांवरचे खोपे मोजतात. कुणी म्हणतं साठ, कुणी म्हणतं सत्तर. चौथ्या फांदीकडे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे मोजण्यासारखं काहीच नाही. फक्त तिच्या टोकाकडची साल, जिथून सागाची वाट दिसते तेवढीच, इवल्या पंजांनी घासून घासून काचेसारखी गुळगुळीत झाली आहे.